इंदूरच्या विजय नगरातला बाइक रेस दाखवणारा कॅफे: पोहे ठीक, वाद एक नंबर, क्रिकेट लागलं की बोंब

आधीच सांगतो, कॅफेचं नाव लिहीत नाहीये. मालक पोरगा चांगलाय, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, डोक्यात आपल्यासारखाच गाड्यांचा किडा, आणि खाली जे लिहिलंय त्यात निम्मं कौतुक नि निम्मी कटकट आहे, तर उगाच त्याच्या धंद्यावर नको. ज्यांना जायचंय त्यांना खुणेवरून सापडेल, विजय नगरात पहिल्या मजल्यावर, खाली मोबाइल कव्हरवाला, आणि जिन्यात आरएक्स १०० ची जुनी टाकी भिंतीला ठोकलेली. टाकीवर धूळ असते. पुसत नाहीत.

मला हे ठिकाण भाच्याने दाखवलं. वय वीस, कॉलेज कमी आणि मार्क मार्केझ जास्त. मार्केझ म्हणजे मोटोजीपीतला, बाइक रेसच्या सगळ्यात मोठ्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधला, स्पॅनिश रेसर. ताईची डिओ हाच फिरवतो, ती पण नारंगी-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची रेप्सोल एडिशन, ताईने घेतली तेव्हा तिला वाटलं हा कलर कॉम्बिनेशनचा प्रकार असेल. इंदूरात रेप्सोलचा पेट्रोल पंप कुणी पाहिलाय का हो? मी तरी नाही. ही स्पेनची तेल कंपनी, होंडाच्या रेस टीमची वर्षानुवर्षांची स्पॉन्सर, आणि तिचं नाव राजेंद्र नगरच्या एका बाईच्या स्कूटरवर, भाजीची पिशवी पायात ठेवून फिरतंय. स्पॉन्सरशिपचा पैसा किती लांब पोचतो ते मला तिथेच कळलं. पण तो पोचून नेमकं काय करतो ह्यावर पुढे भांडण झालं, ते सांगतोच.

पहिल्यांदा गेलो २८ सप्टेंबर २०२५ ला, मोटेगीची रेस. जपानची रेस म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहा, रविवार, नवरात्र चालू, अर्धं इंदूर रात्री गरबा करून झोपलेलं आणि ह्या पोराने सकाळी स्पेशल उघडलेलं. नेहमी युरोपातल्या रेसेस आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचला असतात, त्यामुळे कॅफेवाल्यांना सोयीचं पडतं, सकाळचं उघडायला हिंमत लागते. त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क. वीस-बावीस जण होते. मोठा प्रोजेक्टर, पडदा मात्र पडदा नाही, भिंतच पांढरी रंगवलीये, त्यामुळे डाव्या कोपऱ्यात जिथे प्लास्टर फुगलंय तिथे प्रत्येक गाडी एक हिसका मारते. पहिल्या दोन लॅप्सना त्रास होतो मग डोळा सरावतो.

त्या दिवशी मार्केझ दुसरा आला आणि तेवढ्यावर चॅम्पियन झाला, मोटोजीपीतलं सातवं टायटल, सगळे क्लास धरले तर नववं. २०२० ला हेरेझला हात मोडला होता त्याचा, चार ऑपरेशनं झाली, होंडाशी करार एक वर्ष बाकी असताना सोडून २०२४ ला ग्रेसिनी ह्या खासगी टीमच्या डुकाटीवर जाऊन बसला, आणि आता हे. पहिला आला बान्याया, त्याच्या डुकाटीतून शेवटी शेवटी असा धूर निघत होता की मागच्या टेबलावरचा एक जण ओरडला "भिया, रिंग गेली रे", अख्खा कॅफे हसला. तिसरा होआन मीर होंडावर. म्हणजे पोडियमवर दोन स्पॅनिश, एक इटालियन. भाचा रडला. खरंच रडला, आणि मग जीरावणाचा (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) हात डोळ्याला लागला म्हणून सांगू लागला.

पोह्यांचं लिहूनच टाकतो. दीडशे रुपये. इंदूरात दीडशे रुपयांचे पोहे विकायला छातीच लागते. चव वाईट नाही, वाफेवरचे आहेत, बडीशेप आहे, शेव वरून ताजी, पण काचेच्या बोलमध्ये देतात नि वर डाळिंबाचे दाणे अगदी मोजून सात, आणि जीरावण मागावं लागतं! इंदूरात जीरावण मागावं लागणं म्हणजे लग्नात अक्षता मागण्यासारखं झालं. जलेबी नव्हती, "वॅफल है सर". बायकोचा उपास होता म्हणून तिने साबुदाणा खिचडी विचारली, तर तो पोरगा स्वतः खाली जाऊन कुठून तरी गरम खिचडी घेऊन आला आणि तिचे वेगळे पैसे लावले नाहीत. हे मी विसरणार नाही.

आता वाद. बाजूच्या टेबलावर एक काका होते, सत्तरीचे असतील, डोक्यावर पिवळी ४६ नंबरची टोपी, उन्हाने पांढरट झालेली. मराठी ऐकून त्यांनी खुर्चीच वळवली, "कुठले तुम्ही?" "राजेंद्र नगर." "मी रामबागेतला," मग पाच मिनिटं कोण कुणाचं कोण लागतं ते झालं, आणि निघालं की काका पीथमपूरला कायनेटिकच्या कारखान्यात होते, कायनेटिक होंडाच्या लाइनवर. माझ्या बाबांची पहिली स्कूटर तीच, सेल्फ स्टार्टची, त्यामुळे माझ्याकडून आदर आपोआप सुरू झाला.

काका रॉसीवाले, म्हणजे ४६ नंबरच्या इटालियन व्हॅलेंटिनो रॉसीचे भक्त. आणि रॉसीवाल्यांचं एकच म्हणणं असतं, हा खेळ स्पॅनिश लोकांनी विकत घेतलाय. त्यांनी मुद्दे मांडले ते खोटे नव्हते हां. म्हणाले, "बघ ना, धंदा चालवणारी डोर्ना माद्रिदची, १९९२ पासून हक्क तिच्याकडे. रेसेस बघ, हेरेझ, बार्सिलोना, आरागॉन, व्हॅलेन्सिया, एकाच देशात चार चार. तेल कंपनी त्यांची, फोन कंपनी त्यांची. मग पोरं कुणाची जिंकणार?" आणि मग अर्थातच २०१५. सेपांगला रॉसी-मार्केझची टक्कर, शिक्षा म्हणून व्हॅलेन्सियाला रॉसी सगळ्यात मागून, आणि मागून चौथ्यापर्यंत आला तरी पुढे कोण तर लोरेन्झो, मार्केझ, पेद्रोसा, तिन्ही स्पॅनिश, आणि टायटल लोरेन्झोला पाच पॉइंटने. दहा वर्षं झाली, काकांचा आवाज तरी कापत होता. भाचा म्हणाला "काका, लाथ कुणी मारली?" आणि मी टेबलाखालून त्यालाच एक हाणली.

आकडे पाहिले तर वर्चस्व आहेच, त्यात वाद नाही. २०१२ ते २०२० सलग नऊ वर्षं मोटोजीपीचा चॅम्पियन स्पॅनिश, लोरेन्झो, मार्केझ नि शेवटी मीर. २०१३ ला अठरा रेसेस झाल्या त्यातल्या सतरा स्पॅनिश पोरांनी जिंकल्या, एक आसेन तेवढी रॉसीने, काकांना ती रेस लॅप-बाय-लॅप पाठ आहे. त्या वर्षी मोटोजीपी आणि खालचे दोन क्लास मोटो२, मोटो३, तिन्ही टायटलं स्पेनला, पुढच्या वर्षी २०१४ ला परत तिन्ही. २०२५ ची ग्रिड धरा, बावीस जण पूर्ण सीझनचे, त्यात नऊ स्पॅनिश, सहा इटालियन. म्हणजे बाकीच्या जगाला मिळून सात जागा. आपल्या रणजीच्या टीममध्ये एकाच मोहल्ल्याची पंधरा पोरं असावीत तसं.

पण काकांचं "पैसा टाकला म्हणून जिंकले" हे मला पटेना. मी त्यांच्याच खिशातलं पेन मागितलं नि टिश्यूवर लिहायला घेतलं. तो टिश्यू असा पातळ की प्रत्येक नावाला फाटत होता, शाई खाली टेबलावर उतरली (सॉरी भावा). रेप्सोल होंडा, १९९५ ते २०२४, तीस वर्षं. ह्या तीस वर्षांत ह्या रंगात मोठ्या क्लासचे किती चॅम्पियन? डूहान ९५, ९६, ९७, ९८. क्रिव्हिए ९९. मग २००२ नि २००३. २००६ हेडन. २०११ स्टोनर. मग मार्केझची सहा. झाली पंधरा. आता स्पॅनिश किती? क्रिव्हिएचं एक नि मार्केझची सहा, सात. उरलेली आठ कुणाची? डूहान आणि स्टोनर ऑस्ट्रेलियाचे, हेडन अमेरिकेचा, आणि ते २००२-२००३ वालं कोण? काका गप्प. भाचा खुशीत म्हणाला "बोला काका!" रॉसी. काकांचा रॉसी. स्पेनच्या तेलाच्या पैशावर इटलीच्या पोराने दोन टायटलं नेली. काकांनी टोपी काढली, टक्कल पुसलं, परत घातली, म्हणाले "तेव्हा गोष्ट वेगळी होती."

तर टाकीवर नाव रंगवायला जो पैसा जातो तो पासपोर्ट बघत नाही असं माझं मत. त्याला जिंकणारा पाहिजे, कुठला का असेना. आधी सिगारेटवाले होते, मार्लबोरो, रॉथमन्स, लकी स्ट्राइक, तेव्हा कोण जिंकायचं? अमेरिकन. केनी रॉबर्ट्स ७८ ला पहिला, मग स्पेन्सर, लॉसन, रेनी, श्वॉन्झ, ९३ पर्यंत जवळजवळ राज्यच त्यांचं, मध्ये ८७ ला ऑस्ट्रेलियाचा गार्डनर वगैरे. ती पोरं कुठून आली तर अमेरिकेतल्या मातीच्या गोल ट्रॅकवरून, मागचं चाक घसरवत चालवायची सवय आणि तेव्हाच्या ५०० सीसी टू-स्ट्रोकला नेमकी तीच पाहिजे. मार्लबोरोने ते मातीचे ट्रॅक बांधले नव्हते. तयार माल उचलला. मग २००५ ला युरोपात तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या, सिगारेटवाले हळूहळू गेले, एनर्जी ड्रिंक आणि लॅपटॉपवाले आले, आणि अमेरिकन तर त्याच्याही आधीपासून आटत चालले होते, २००६ च्या हेडननंतर आजपर्यंत त्यांचा एक चॅम्पियन नाही.

स्पॅनिश लोकांनी शहाणपणा केला तो खालच्या पायरीवर. मुळात त्यांच्याकडे छोट्या गाड्यांचं वेड जुनंच, डर्बी, बुल्टाको असल्या कंपन्या, आणि आंखेल निएतो हा त्यांचा देव, ५० आणि १२५ सीसीत मिळून तेरा टायटलं, पण तेरा अशुभ म्हणून तो "बारा अधिक एक" म्हणायचा. (हे सांगितल्यावर बायकोला प्रथमच ह्या खेळात रस वाटला.) पण मोठ्या ५०० च्या क्लासात, म्हणजे आजच्या मोटोजीपीच्या जागी तेव्हा जो होता त्यात? १९४९ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली आणि पहिला स्पॅनिश चॅम्पियन १९९९ ला. पन्नास वर्षं! म्हणजे रक्तात वगैरे काही नसतं.

त्याच १९९९ ची दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. फोन कंपनी मोव्हिस्टारने पोरांसाठी एक कप काढला. सगळ्यांना सारखी गाडी, म्हणजे बापाचा खिसा गाडीत दिसणार नाही. आल्बेर्तो पुइग नावाचा जुना रेसर बघायला. त्यात एक चिमुकला पोरगा सीझनअखेर आठवा आला, आठवा हां, आणि तरी पुइगने त्याला उचललं. तो दानी पेद्रोसा. २००३ ला १२५ चा वर्ल्ड चॅम्पियन, मग दोन वर्षं ओळीने २५० चा. केसी स्टोनरचे आईबाप पोरगा चौदाचा असताना ऑस्ट्रेलियाहून गाशा गुंडाळून इंग्लंडला आले, कारण तिकडे वयात बसत नव्हता, आणि पुढे तो पण त्याच पुइगच्या नजरेत भरला आणि स्पेनच्या चॅम्पियनशिपमध्ये चालवून वर आला. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा चॅम्पियन पण निम्मा स्पेनच्या शाळेतला. आता तर रेड बुल रूकीज कप आहे २००७ पासून, निवड झाली की गाडी त्यांची, पहिला विजेता झार्को फ्रान्सचा, नंतर मार्टिन, अकोस्ता ह्यातूनच. पैसा ऑस्ट्रियाचा, पोरं परत स्पेनची, कारण तिथल्या पोराला दर शनिवार-रविवारी चालवायला ट्रॅक आहे.

काका म्हणाले "म्हणजे पैसाच की शेवटी." मी म्हटलं हो काका पैसाच, पण कुठे टाकला ते बघा ना.

आणि मग काकांनीच ते काढलं जे मला माहीत असून सुचलं नव्हतं. "आमच्या पीथमपूरचं काय झालं ते आठव," म्हणाले. २००८ ला कायनेटिकचा टू-व्हीलरचा धंदा महिंद्राने घेतला, पीथमपूरचा कारखाना त्यात आला. आणि महिंद्रा २०११ ला चक्क वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये उतरली, आधी १२५, मग मोटो३. काका रिटायर व्हायच्या बेतात होते, म्हणे कँटीनमध्ये पोरं मोबाइलवर रेस बघायची. पण रेसची गाडी पीथमपूरची नव्हे, आधी इटलीत बनलेली, २०१३ पासून स्वित्झर्लंडच्या सुटरकडची. आणि २०१६ ला आसेनला ती गाडी पहिल्यांदा जिंकली. टीम कुणाची? आस्पारची, स्पेनची. चालवत कोण होतं? फ्रान्चेस्को बान्याया! तोच, जो आत्ता आमच्यासमोर भिंतीवर धूर सोडत पहिला आला होता. त्याच वर्षी मलेशियात परत जिंकला, आणि २०१७ संपता महिंद्राने गाशा गुंडाळला. काका म्हणाले, "पैसा आपला, नाव आपलं, आणि शिकून तयार झाला तो इटालियन." कडवट नाही म्हणाले, हसत म्हणाले, पण पुढे दोन मिनिटं पोहे चिवडत बसले.

२०२३ ला भारत जीपी झाली तेव्हा पण तेच ना. मी नि भाचा गेलो होतो ग्रेटर नोएडाला, बुद्ध सर्किट, २४ सप्टेंबर, ऊन असं की रेसचे लॅप्स कमी करून एकवीस केले. मोठमोठ्या अक्षरात इंडियन ऑइल, टायटल स्पॉन्सर. जिंकला बेझेक्की, दुसरा मार्टिन, तिसरा क्वार्तारारो. आवाज ऐकून माझे डोळे भरून आले होते खोटं का बोलू, पण २०२४ ची रेस झालीच नाही. मलेशियाच्या पेट्रोनासचं तसंच, २०१९ ला टीम उभी केली, क्वार्तारारोसारखा हिरा त्यांनीच मोठ्या क्लासात आणला, २०२१ ला संपलं. फ्रान्सला चॅम्पियन मिळाला, मलेशियाला फोटो. उलट जपानच्या इदेमित्सूचं बघा, तेही तेलवालेच, पण पैसा आशियातल्या पोरांच्या टीमला, आणि तिथे चालवून वर आला आय ओगुरा, २०२४ चा मोटो२ चॅम्पियन, आणि सोमकियात चंत्रा, थायलंडचा मोटोजीपीत पूर्ण सीझन चालवणारा पहिला. चंत्राने फार काही दिवे लावले नाहीत हे मान्य, पण थायलंडचा पोरगा तिथपर्यंत गेला ना.

आपल्याकडे इंदूरपासून तासाभरावर नॅट्रॅक्स आहे, सव्वाअकरा किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, २०२१ ला सुरू झाला, कंपन्या गाड्या टेस्ट करतात. भाच्याला चालवायचं असेल तर? तो कारखान्यांसाठी आहे, पोरांसाठी नाही. खऱ्या रेस ट्रॅकवर पोराला न्यायचं तर चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर नोएडा. मग पोरं काय करणार, रात्री सुपर कॉरिडॉरवर जाऊन गाड्या पळवणार आणि ताई रात्री मला फोन करणार.

ह्या सगळ्यात दोन तास गेले आणि मालकाने एकदाही "सर कुछ और लेंगे" केलं नाही. हा ह्या जागेचा सगळ्यात मोठा गुण. मिनिमम बिल माणशी तीनशे आहे, वर स्क्रीनिंग चार्ज म्हणून पन्नास, पण एकदा दिलं की बसा. कोल्ड कॉफी चांगली, साखर कमी सांगितली तर कमी घालतात. सँडविच मागवू नका, कॉर्न सगळे प्लेटमध्ये सांडतात. शिकंजी "अवेलेबल" लिहिलीये, मिळते ते लिंबूपाणी, इंदूरची घट्ट दुधाची शिकंजी समजून मागवलीत तर तोंड पडेल. टॉयलेट स्वच्छ. एसीच्या खालच्या टेबलावर बसू नका, थेंब पडतात. काउंटरवर टोप्या विकायला आहेत, ९९९ ला एक, ओरिजिनल नाहीत हे मालक स्वतःच सांगतो, मग ९९९ का ते सांगत नाही.

आता बोंब. १९ ऑक्टोबर, फिलिप आयलंड, ऑस्ट्रेलिया. सकाळची रेस, दिवाळीची सगळी कामं टाकून गेलो, घरी चकल्या अर्ध्या तळलेल्या, बायकोने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. मार्केझ जखमी होऊन घरी, त्यामुळे भाचा जांभया देत होता, मी मात्र रंगलो होतो कारण पुढे राउल फर्नांडिस, ट्रॅकहाउस टीमचा. ही अमेरिकन टीम, नॅस्कार म्हणजे तिकडच्या कार रेसवाल्यांची, गाडी एप्रिलिया म्हणजे इटलीची, आणि वर स्पॅनिश पोरगा ज्याने मोटोजीपीत तोवर एकही रेस जिंकलेली नाही. माझा अख्खा टिश्यूवरचा सिद्धांत एका गाडीवर बसून चाललेला! आणि नऊ वाजले. आणि भिंतीवर अचानक पर्थ. भारत-ऑस्ट्रेलिया वनडे, रोहित-विराट कितीतरी महिन्यांनी परत, मागून दहा-बारा पोरांचा ग्रुप आलेला, "भिया मॅच लगाओ." मालकाने लावली. रेसचे शेवटचे लॅप्स चालू असताना!

मी उठलो. म्हटलं अरे पन्नास रुपये कशाचे घेतलेस? तो बिचारा हात जोडून, "अंकल वो बारह लोग हैं, आप तीन." म्हणजे इथेही गर्दी कुणाची ते बघून पडदा. शेवटी रेसचा शेवट आम्ही भाच्याच्या मोबाइलवर, तिघं डोकी जोडून, जिन्यातल्या आरएक्सच्या टाकीपाशी उभं राहून पाहिला, फर्नांडिस जिंकला, त्याचा आणि टीमचा पहिला विजय, काकांनी रॉसीची टोपी हवेत उडवली एका स्पॅनिश पोरासाठी, मी डोळ्यांनी पाहिलं. वर गेलो तर रोहित आठवर गेलेला आणि विराट शून्यावर, बारा पोरं सुतकात. मला वाईट वाटलं नाही.

मालकाला तरीही म्हणालो की क्रिकेटच्या दिवशी आधी सांगत जा, नाहीतर दुसरी एक भिंत रंगव. तो म्हणे नवीन स्क्रीन येतेय, एनर्जी ड्रिंकवाल्यांशी बोलणं चालू आहे, ते स्पॉन्सर करणार. काका लगेच, "मग त्यांना म्हणावं पोरांच्या गो-कार्टला पण थोडे द्या," त्याला काही कळलं नाही. वैतागात मी विचारलं, तुझी मोटोजीपी तरी आता कुणाची आहे माहितीये का, जुलैपासून डोर्नाचा चौऱ्याऐंशी टक्के हिस्सा अमेरिकेच्या लिबर्टी मीडियाकडे, फॉर्म्युला वनवाल्यांकडे, आणि केटीएम बुडता बुडता वाचवायला आठशे मिलियन युरो कुणी उभे केले तर आपल्या आकुर्डीच्या बजाजने. म्हणजे अकोस्ता जी गाडी चालवतो तिच्यामागे पुण्याचा पैसा आहे भाऊ, बघू ह्या वेळी तरी एखादा आपला पोरगा वर बसतो का. तो म्हणाला "सच में अंकल?" आणि फोनवर शोधायला लागला, तेवढ्यात बारा जणांनी फ्राइज मागितले.

बिलात स्क्रीनिंग चार्ज होताच, तिघांचे दीडशे. काढ म्हटलं तर म्हणे सिस्टिममधून निघत नाही, त्याबदल्यात स्पॉन्सरने सॅम्पलला दिलेले एनर्जी ड्रिंकचे तीन कॅन दिले, थंडगार. काकांनी आपला भाच्याला देऊन टाकला, ह्या वयात झोप उडवून काय करू म्हणाले. घरी येऊन भाच्याने कॅन उलटा करून बघितला. एक्सपायरीला चार दिवस होते.